तमाशाच्या तंबूशेजारी तपासणीची गाडी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एचआयव्ही तपासणीचा प्रचार आपल्याकडे १ डिसेंबरच्या प्रभातफेरीपुरता उरला आहे. फेरीत असतात शाळेची मुलं. ज्यांनी तपासणी करायला हवी ते ट्रकचालक, ऊसतोड कामगार, शहरात एकटे राहून कमावणारे पुरुष तिथे नसतात. ते भेटतात चैत्र-वैशाखातल्या गावच्या यात्रेत, रात्री तमाशाला.

पाडव्याला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्यांवर (तंबूंवर) यात्रा कमिट्या खेळाची सुपारी द्यायला येतात. कोणता फड कोणत्या गावी, कोणत्या तिथीला, हे तिथेच ठरतं. जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाने त्याच तारखा घेऊन फिरत्या तपासणी केंद्राचं वेळापत्रक आखावं.

करमणुकीने माणूस विचारू लागतो, हे मुंबईने पाहिलं आहे. २००२ मध्ये 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' हे एड्स जनजागृतीचे फलक झळकले आणि हेल्पलाइनवर फोन वाढले. पण त्या मोहिमेत वेश्याव्यवसायातली बाई रोगाचं मूळ ठरते, असा आक्षेपही तेव्हा घेतला गेला, आणि तो रास्त होता. म्हणून तमाशातल्या वगात हा विषय आणताना नाचणारीला दोषी दाखवू नका. फडातल्या बायकांनी आधीच पुष्कळ सोसलंय. संवाद लिहिताना त्यांनाच सोबत घ्या, बतावणी सोंगाड्यावर सोपवा. तो लोकांच्या मनातलं बेधडक विचारतो.

गाडीवर 'एड्स' असं ठळक लिहिलं तर तिच्याकडे कुणी फिरकणार नाही. रक्तदाब, साखर आणि एचआयव्ही, सगळं एकाच रांगेत तपासा. बोटातून थेंबभर रक्त घेतलं की साधारण अर्ध्या तासात प्राथमिक निष्कर्ष कळतो; संशय आला तर पक्क्या निदानासाठी आयसीटीसी म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात पाठवावं लागतं.

इथे मोबाइल कामी यावा. तिकिटावर क्यूआर कोड छापा. तो जवळचं केंद्र, त्याची वेळ आणि १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दाखवेल. निकाल मात्र मेसेजवर पाठवू नका. खेड्यात एक फोन सगळं घर वापरतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. निकाल समुपदेशकानेच समोर बसवून सांगावा आणि २००४ पासून एआरटी म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, हेही त्याच बैठकीत सांगावं.

यात्रा कमिट्यांनी वर्गणीतून गाडीसाठी जागा आणि वीज द्यावी. येत्या पाडव्याआधी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत सुरुवात करता येईल.

आपला,
एक वाचक, जुन्नर (जि. पुणे)