कर्तव्यक्षेत्राशी निकटचा संबंध नाही म्हणे!

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई ३२.

विषय : अध्ययन रजा नाकारल्याबाबत, आणि त्या निमित्ताने इतर बऱ्याच गोष्टींबाबत.

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत उपशिक्षिका आहे. सेवा १७ वर्षे, शाळेचा पट ४७, शिक्षक दोन. विशेष शिक्षणातलं बी.एड. करण्यासाठी मी दोन वर्षांची अध्ययन रजा मागितली होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जागा मिळत होती. अभ्यासक्रम नियमित, हजेरी सक्तीची, प्रात्यक्षिकं वेगळी, त्यामुळे नोकरी सांभाळून जमणारं नाही. गेल्या सोमवारी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा : "सदर अभ्यासक्रमाचा आपल्या कर्तव्यक्षेत्राशी थेट व निकटचा संबंध दिसून येत नाही." खाली सही. त्याखाली गोल शिक्का, तोही अर्धाच उमटलेला.

रजा नियम १९८१ मध्ये तसे शब्द आहेत, मान्य. लिपिकभाऊंनी पुस्तक उघडून दाखवलं. माझं म्हणणं एवढंच की कर्तव्यक्षेत्र कोणतं ते एकदा येऊन बघावं.

दुसरीत एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, बाळ्या म्हणू. सेरेब्रल पाल्सी. चवड्यावर चालतो, बोलणं अर्धं कळतं, अर्धं त्याची आजी समजावून सांगते, तेही कानडीत. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, मग आजी आणि तो. गेल्या वर्षी मार्चमध्ये परिपाठ चालू असताना त्याला फीट आली. मुलं किंचाळली. कुणीतरी चप्पल हुंगायला आणली. मी काय केलं? शालेय पोषण आहाराच्या भांड्यातला चमचा घेतला आणि त्याच्या दातांत घातला. लहानपणापासून तेच बघत आले होते. तो शुद्धीवर आला तेव्हा तोंडातून रक्त येत होतं आणि पुढचा एक दात माझ्या हातात होता. दुधाचा होता हे त्याचं नशीब. नंतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं की तोंडात काहीही घालायचं नसतं, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं आणि घड्याळ बघायचं. ५ मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. संपलं. हे सांगायला त्यांना एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मला ते १७ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आजीनं मला एका शब्दानं दुखवलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी शेंगा आणून दिल्या. त्या शेंगा मला अजून पचलेल्या नाहीत साहेब.

तुम्ही म्हणाल, प्रशिक्षणं होतात की! होतात. डी.एड.ला आम्हाला 'विशेष गरजा असणारी बालके' असं एक प्रकरण होतं. त्यावर टीप यायची, ५ गुणांची, आणि पर्यायात असल्यामुळे बहुतेक जणी ती सोडायच्या. मीही सोडली. पुढे ऑनलाइन प्रशिक्षणं आली. मोबाइलवर व्हिडिओ लावून ठेवायचा, आपण पोषण आहाराची नोंदवही भरायची, शेवटच्या चाचणीची उत्तरं ग्रुपवर आधीच आलेली असतात. समावेशक शिक्षणाचं रंगीत प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे. चमचा घातला तेव्हाही ते होतं.

खरं शिकले ते आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, येणाऱ्या विशेष शिक्षिकेकडून. महिन्यातून एकदा येतात, स्वतःच्या गाडीवर, स्वतःचं पेट्रोल घालून. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि पेन्सिलीला गुंडाळून जाड केली. बाळ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल न पाडता रेघ ओढली. वाकडीतिकडी, पण पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! दहा मिनिटांचं काम. पण पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा ट्यूब फाटून तीन आठवडे झाले होते आणि त्याच्या हातासाठी पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

या बाईंनी अर्धं आयुष्य करारावर काढलं. भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी त्यांना दर ५ वर्षांनी नूतन करावी लागते. त्यासाठी लागणारे गुण मिळवायला पदरचे पैसे मोडून पुण्याला कार्यशाळेला जावं लागतं. नोंदणी नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम केलं तर परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. माझा वकील मेहुणा म्हणतो, ते वर्गशिक्षकाला लागू नाही, घाबरू नकोस. मी घाबरत नाही. मला फक्त हसू येतं. ज्यांनी शिकून घेतलंय त्यांच्यावर एवढा पहारा आणि जी रोज सहा तास त्या मुलासमोर उभी आहे तिला शिकायची परवानगी नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्राथमिकला अशा दिव्यांग १० मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक. इतर शिक्षकांनाही प्रशिक्षण द्या, असंही त्यात होतं. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यांना पुन्हा बजावलं, पदं जाहीर करा, भरा. आपल्या राज्यानं त्याआधीच ४८६० पदं निर्माण केली होती, शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. ३६ जिल्ह्यांनी भागलं की जिल्ह्याला १३५. ऐकायला बरं वाटतं. आमच्या केंद्रात शाळा १४ आहेत आणि एकीकडून दुसरीकडे जायला कुसळं आणि फुफाटा. दिव्यांगत्वाचे प्रकार २०१६ च्या कायद्यानं २१ केले. एका बाईनं २१ प्रकार आणि १४ शाळा सांभाळायच्या, म्हणजे उरलेले २९ दिवस कुणाचे? माझेच ना? मग निकटचा संबंध अजून किती निकट पाहिजे?

बरं, माझी पदं मोजायची तर तीही मोजा. मी मतदारयादीची बीएलओ आहे. मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचं रजिस्टर माझ्याकडे. शाळेची समुपदेशकही मीच, कारण तक्त्यावर कुणाचं तरी नाव लिहायचं होतं. बदलापूरच्या शाळेत मुलींवर अत्याचार झाले त्या घटनेनंतर पत्रांवर पत्रं आली, तक्रारपेटी बसवा, फोटो पाठवा. पेटी बसवली. एका मुलीनं खरंच चिठ्ठी टाकली तर तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे एकाही पत्रात नव्हतं. यातल्या एकाही कामाला कुणी कधी 'निकटचा संबंध दिसून येत नाही' असा शेरा मारलेला नाही.

आणि रॅम्प! यू-डायसमध्ये, म्हणजे शाळेची माहिती भरायच्या सरकारी नोंदीत, रॅम्पचा रकाना आहे आणि आमच्याकडे 'होय' लिहिलेलं आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, आमचा चार फुटांत संपतो. वर चढलं की वर्गाच्या दाराला पुन्हा सहा इंचांचा उंबरा. बाळ्या रॅम्पवरून जात नाही, मी त्याला काखेत धरून पायरीनं नेते. रॅम्पवर पोरं घसरगुंडी खेळतात, तेवढा त्याचा उपयोग झाला. हे सगळं खातंच असं रकान्यावर चाललंय. रकाना भरला की मूल शिकलं, शेरा मारला की फाइल निकाली. निपुणची, म्हणजे मुलांच्या वाचन-गणिताची, तपासणी आली की मात्र साहेब बाळ्याच्या पाटीवर बोट ठेवून मलाच विचारतात, "हा मागे का?"

दर ३ जानेवारीला आम्ही भाषणं करतो. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात. आधी स्वतः अध्यापनाचं प्रशिक्षण घेऊन मग त्या शिकवायला उभ्या राहिल्या, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. आज त्यांनी अर्ज केला असता तर लाल शाईत काय आलं असतं, ते यंदा सांगावं की नाही याचा विचार चाललाय.

रजा द्यायची नसेल तर देऊ नका. जिल्ह्याच्या ठिकाणी सुट्टीत वर्ग काढा. दिवाळीचे १० दिवस मी देते, फराळ घेऊन येते. पण समोर खरी मुलं असू देत, फीट आली तर काय करायचं ते हात धरून शिकवा, पीपीटी नको. आणि वरच्या रजेच्या नियमात 'वर्गात दिव्यांग मूल असल्यास' एवढी एक ओळ घाला. महाविद्यालयातली माझी जागा या महिनाअखेरपर्यंत ठेवलेली आहे.

नाव लिहीत नाही. जिल्हा परिषदेचे वर्तणूक नियम १९६७ चे आहेत आणि ते मात्र सगळ्यांना पाठ आहेत.

आपली,
एक उपशिक्षिका,
ता. जत, जि. सांगली

ता. क. : शेऱ्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. शिक्का मुळातच अर्धा आहे, दुकानदाराची चूक नाही.