‘सर्व्हरवर ताण आला’ म्हणजे नक्की काय झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून-जुलै आला की तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. अमुक साइट बंद पडली, पालक रात्रभर कॉम्प्युटरपुढे बसून, आणि शेवटी अधिकाऱ्यांचं एक वाक्य, सर्व्हरवर ताण आल्याने अडचण आली. यंदा त्या पालकांमध्ये मीपण होतो, पोरीचा फॉर्म भरत होतो, त्यामुळे थोडं चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या. माझं पोट याच कामावर चालतं, पंधरा वर्षं झाली सर्व्हरचे प्रोग्राम लिहितोय आणि ते आडवे झाले की अपरात्री उठून बघतोय.

ती साइट पडत कशी होती ते दिवसभर बसून बघितलं. सकाळी झकास, बारापर्यंत नुसतं चाक फिरतंय, तीनला ठप्प, आणि पाच मिनिटांत पुन्हा एकदम फास्ट, जसं काही झालंच नाही. मग परत तोच खेळ, रात्री दोनला पण तेच. आता गर्दीमुळे पडत असती तर रात्री दोनला कोण गर्दी करतंय? ही चाल मेमरी लीकची असते. प्रोग्राम काम करताना मेमरी घेतो, काम झालं की ती सुटायला हवी, पण कुठल्यातरी यादीत त्या वस्तूचं नाव राहून गेलं की कचरा उचलणारा गार्बेज कलेक्टर तिला हात लावत नाही, त्याला वाटतं अजून कोणाला तरी लागणार आहे. घर भरत जातं, शेवटी लिमिट संपली की सिस्टम प्रोग्रामला मारून टाकते, तो नव्याने चालू होतो आणि पहिल्यापासून भरायला लागतो. बऱ्याच ठिकाणी यावर औषध काय, तर रोज रात्री रीस्टार्ट! गळणाऱ्या नळाखाली बादली ठेवायची आणि रोज ओतायची, झालं काम.

खरं म्हणजे चालू प्रोग्रामच्या पोटात काय साठलंय ते बघायची सोय जवळपास प्रत्येक भाषेत आहे. त्याला हीप स्नॅपशॉट म्हणतात (हीप म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू जिथे साठतात तो मेमरीचा भाग), त्या क्षणी मेमरीत कोणकोणत्या वस्तू आहेत आणि कोणी कोणाला धरून ठेवलंय याचा अख्खा पंचनामा. पण तो कधी आणि कसा घ्यायचा यात सगळी मेख आहे, आणि ती मी स्वतः चूक करून शिकलोय. आमच्या एका नोड जेएसच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी सिस्टम) प्रोग्रामची मेमरी दीड जीबीच्या आसपास गेली होती, मी शहाणा भर दुपारी चालू सर्व्हरवर स्नॅपशॉट मारला. नोडमध्ये स्नॅपशॉट बनत असताना बाकी सगळं काम थांबतं आणि हीपच्या साधारण दुप्पट मेमरी लागू शकते, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. तिकडे हेल्थ चेक, म्हणजे प्रोग्राम जिवंत आहे का बघणारा पहारेकरी, दर दहा सेकंदांनी ‘आहेस का’ विचारतोय, तीनदा उत्तर नाही मिळालं म्हणून त्याने प्रोग्राम ज्या बंद डब्यात चालतो तो कंटेनरच मारला, आणि अर्धवट लिहिलेली फाइल कंटेनरबरोबर गेली. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी शिस्तीत केलं. एक सर्व्हर गर्दीतून बाजूला काढला, त्याचा हेल्थ चेक बंद केला, एक स्नॅपशॉट घेतला, परत दोन तास कामाला लावला, पुन्हा बाजूला काढून दुसरा घेतला आणि क्रोममध्ये दोन्ही शेजारी लावून फरक बघितला. एकच गोष्ट हजारोंनी वाढलेली, वेब पानांच्या पत्त्यांच्या स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या ओळी. कोणी धरून ठेवल्यात बघितलं तर एक कॅश, म्हणजे परत लागेल म्हणून हाताशी ठेवलेला साठा, आणि प्रत्येक पत्त्याच्या शेवटी कुणीतरी मिलिसेकंदातली वेळ चिकटवलेली. म्हणजे तेच पान दहा हजार लोकांनी मागितलं तर कॅशमध्ये दहा हजार वेगळ्या नोंदी, आणि काढून टाकणारं कोणीच नाही. दुरुस्ती दोन ओळींची. त्या दोन ओळींसाठी आम्ही चार महिने रोज रात्री रीस्टार्ट मारत होतो.

माझं म्हणणं एवढंच की मेमरीचा पंचनामा करायचं हे बटण आधीच बसवून ठेवावं लागतं, आग लागल्यावर पाइप शोधत फिरून चालत नाही. नोड चालू करतानाच पर्याय दिला तर नंतर बाहेरून नुसता एक सिग्नल पाठवला की स्नॅपशॉट पडतो. जेमॅलॉक (प्रोग्रामला मेमरी वाटून देणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्यात प्रोफायलिंग, म्हणजे मेमरी कुठे जाते त्याची नोंद ठेवणं, आधीच बिल्ड करून, सुरुवातीला झोपवून ठेवता येतं आणि गरज पडली की चालू प्रोग्राममध्ये जागं करता येतं, काम झालं की परत झोपवायचं. पायथन भाषेचं असंच हत्यार, ट्रेसमॅलॉक, २०१४ पासून भाषेतच आहे, पण ते चालू केल्यानंतर घेतलेल्या मेमरीचाच हिशेब देतं, आधीची त्याच्या गावी नसते. गो भाषेत तर सरासरी दर ५१२ केबीमागे एक नमुना आपोआप घेतला जातो, त्यामुळे भार फारसा जाणवतच नाही.

आणि बटणाला कुलूप पण पाहिजे. स्नॅपशॉटमध्ये मेमरीतलं सगळं येतं, पासवर्ड, लॉगिनची टोकन, लोकांचे मोबाइल नंबर, सगळं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगनच्या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, हॅम्बुर्गला केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या संमेलनात ते सविस्तर दाखवलं गेलं. इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या एका पत्त्यावरून हीप डंप, म्हणजे मेमरीचा तसाच पंचनामा, उतरवता येत होता, त्यात क्लाउडच्या किल्ल्या सापडल्या आणि त्या किल्ल्यांनी सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती उघडी पडली, त्यातल्या बऱ्याच गाड्या कुठे उभ्या होत्या हेसुद्धा. दुरुस्तीसाठी ठेवलेलं मागचं दार, कडी लावायची राहिली. आपल्या फॉर्ममध्ये तर आधार आणि जातीचे दाखले असतात हो.

तेव्हा सरकारी साइटचं टेंडर निघतं त्यात ‘एकावेळी इतके लोक’ असं लिहितात तसंच हेही लिहा म्हणावं, की चालू प्रोग्रामचा मेमरी प्रोफायलर चालू-बंद करता आला पाहिजे, तो हक्क कोणाकडे ते ठरलेलं असावं आणि फाइल काम झाल्यावर पुसली जावी. आणि तुमच्या बातमीदारांना एक विनंती, पुढच्या वेळी ताणाचं वाक्य ऐकलं की विचारा, शेवटचा रीस्टार्ट किती वाजता मारला होता आणि त्याच्या आधीचा किती वाजता?

पोरीचा फॉर्म पहाटे सव्वाचारला गेला, रीस्टार्टनंतरच्या पाच मिनिटांत.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे