पालिका हरल्यावर पंतप्रधान कसा जातो

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मिळालं. मे 2022 मध्ये ब्रिटनमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या आणि जुलैत बोरिस जॉन्सन यांना पायउतार होण्याची घोषणा करावी लागली. नगरसेवक पडले म्हणून पंतप्रधान कसा पडतो, हा तुझा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते एकट्या निकालाने नेता जात नाही. निकालामुळे प्रत्येक खासदाराला स्वतःच्या जागेचा हिशेब कळतो. नेत्याला घालवतात ते शेवटी त्याचेच मंत्री.

5 मे 2022 ला जॉन्सन यांच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या जवळपास 500 जागा गेल्या. लंडनमधली वेस्टमिन्स्टर पालिका 1964 पासून आणि वाँड्सवर्थ पालिका 1978 पासून त्यांच्या ताब्यात होती. दोन्ही विरोधातल्या मजूर (लेबर) पक्षाने घेतल्या. मथळे तिथलेच झाले, पण माझ्या मते खरा घाव सॉमरसेटचा. तिथल्या नव्या परिषदेत 110 पैकी 61 जागा लिबरल डेमोक्रॅट्सनी जिंकल्या. हा ग्रामीण नैऋत्य भाग म्हणजे तेव्हा हुजूर पक्षाचं कुरण. तिथला खासदार काय करतो? आपल्या मतदारसंघातल्या वॉर्डांची मतं एकत्र करतो आणि उद्या सार्वत्रिक निवडणूक लागली तर आपण राहतो की जातो, ते बघतो. शिवाय पत्रकं वाटणारे, दारोदार फिरणारे हेच नगरसेवक असतात. ते पडले की खासदाराची प्रचारयंत्रणाच खिळखिळी होते.

लिहिताना एक जप. ‘किती जागा गेल्या’ हा आकडा एकट्याने फसवतो, कारण दरवर्षी वेगळ्या भागांत मतदान होतं आणि तुलना चार वर्षांपूर्वीच्या निकालाशी असते. 2019 मध्ये हुजूर पक्षाच्या 1,300 हून जास्त जागा गेल्या. त्यातल्या बऱ्याच जागांवर आधीचं मतदान 2015 च्या सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी झालं होतं आणि ते वर्ष त्यांना फार चांगलं गेलं होतं. म्हणून बीबीसी काढते तो मतांचा देशभराचा अंदाजित वाटा बघ, म्हणजे सगळीकडे मतदान झालं असतं तर कुणाला किती टक्के मतं मिळाली असती. 2022 मध्ये तो मजूर 35, हुजूर 30, लिबरल डेमोक्रॅट 19 टक्के होता.

आता हुजूर पक्षात नेत्याला पत्रांनी आव्हान देण्याची पद्धत. तेव्हाच्या नियमाने पक्षाच्या 15 टक्के खासदारांनी ‘1922 समिती’च्या (मंत्री नसलेल्या हुजूर खासदारांच्या संघटनेच्या) अध्यक्षांकडे अविश्वासाचं पत्र दिलं की मतदान घ्यावंच लागे. 359 खासदार होते, म्हणजे 54 पत्रं. किती जमली हे फक्त अध्यक्ष ग्रॅहम ब्रॅडी यांना ठाऊक. दिलेलं पत्र मागेही घेता येतं. काहींनी तर राणीच्या राज्यारोहणाच्या सत्तर वर्षांचा सोहळा उरकल्यावरची तारीख घालून पत्रं दिली होती. सोमवारी, 6 जूनला सकाळी मतदान जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी 6 ते 8 गुप्त मतदान झालं. जॉन्सन 211 विरुद्ध 148 ने वाचले.

बंडखोरांचं गणित इथे चुकलं. पत्रं एकेकट्याने येतात, सर्वमान्य पर्यायी नेता नसतो, आणि 54 ची रेषा कधी ओलांडली जाईल यावर कुणाचा ताबा नसतो. 54 जमणं सोपं, पाडायला लागणारी 180 मतं जमवणं अवघड. आणि बंडखोर मतदान हरले की नेत्याला नियमाने वर्षभर अभय. (2024 च्या पराभवानंतर पत्रांची अट एक तृतीयांशावर नेली.)

पण हे अभय कागदावरचं असतं. जॉन्सन यांच्या आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी 12 डिसेंबर 2018 ला मतदान 200 विरुद्ध 117 ने जिंकलं होतं, तरी स्थानिक निकालानंतर समितीने त्यांच्यामागे जाण्याच्या वेळापत्रकाचा लकडा लावला आणि 24 मे 2019 ला त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली. जॉन्सन यांचं आणखी लवकर झालं. 23 जूनच्या पोटनिवडणुकीत टिव्हर्टन अँड हॉनिटनमधलं 24,239 चं मताधिक्य वाहून गेलं आणि जागा 6,144 मतांनी हरली. दुसऱ्याच दिवशी पहाटे पक्षसंघटना सांभाळणारे पक्षाध्यक्ष ऑलिव्हर डाउडन यांनी राजीनामा दिला. पुढे पिंचर प्रकरण पेटलं (उपमुख्य व्हिप क्रिस पिंचर यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप झाले आणि जॉन्सन यांना आधीच्या तक्रारी माहीत होत्या हे उघड झालं). 5 जुलैला आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि अर्थमंत्री ऋषी सुनक काही मिनिटांच्या अंतराने बाहेर पडले. दोन दिवसांत 50 हून जास्त जणांनी पदं सोडली, रिकाम्या जागा भरायला माणसं मिळेनात, आणि 7 जुलैला घोषणा झाली. सरकार चालवायला माणसंच उरली नाहीत, तर 211 मतांचा काय उपयोग?

मजूर पक्षाची रीत वेगळी आहे. तिथे गुप्त पत्रं नाहीत. पदावरच्या नेत्याला आव्हान द्यायचं तर उमेदवार पुढे करावा लागतो आणि त्याला 20 टक्के खासदारांचा जाहीर पाठिंबा लागतो. त्यामुळे तिथे कुरबुर पुष्कळ होते, पण आधी हात वर करायला सहसा कुणी धजत नाही.

आपल्याकडे त्याच जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार सुरत, मग गुवाहाटी गाठत होते. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यामुळे, आपल्याकडे बंड म्हटलं की दोन तृतीयांश, व्हिप, अपात्रता आणि कोर्ट येतं. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदीचा कायदा नाही आणि नेत्यावरचं हे मतदान सभागृहाबाहेर, पक्षातच होतं. आपल्या आमदाराला नेत्याविरुद्ध गुप्त मत देऊन पुन्हा पक्षातच बसता यावं, असं मला मनापासून वाटतं. तुझ्या लेखात हा मुद्दा ठळक यावा.

पुढच्या वेळी तिथले निकाल लागले की पहिले दोन दिवस नाराज खासदारांच्या मुलाखतींपेक्षा कॅबिनेट मंत्री काय बोलतात आणि कोण गप्प राहतो, ते बघ. मसुदा झाला की पाठव, आकडे मी तपासून देईन.

तुझा,
मिलिंद