ब्लॉक बोअर करण्याआधी झीज कशाने झाली ते शोधावे

महोदय,

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात पावसाळाभर पडवीत झाकून ठेवलेल्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर बाहेर निघतात, दोन-चार दिवस धूर ओकत धावतात आणि मग त्यांतल्या काही गॅरेजच्या दारात जाऊन उभ्या राहतात. तिथे एक ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘कॉम्प्रेशन गेलंय, ब्लॉक-पिस्टन करावं लागेल.’ म्हणजे पिस्टनच्या वर मिश्रण पुरेसे दाबले जात नाही, म्हणून ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) आतून कोरून, म्हणजे बोअर करून, त्यात मोठा पिस्टन घालायचा. हे निदान सहसा खोटे नसते, पण अर्धे असते. राहिलेल्या अर्ध्यासाठी मी स्वतः दोनदा पैसे मोजले आहेत, म्हणून हे पत्र.

वडिलांनी १९८९ साली घेतलेली १५० सीसीची चेतक मी आजही वापरतो. बेळगावला जाताना चोर्ला घाटाच्या चढावर तिचे इंजिन जाम झाले. एका गॅरेजमध्ये ब्लॉक बोअर करून पहिल्या ओव्हरसाइजचा, म्हणजे मापाने एक पायरी मोठा, पिस्टन घातला, आणि वर्ष पुरे होण्याआधी ती पुन्हा त्याच चढावर अडकली. पुन्हा बोअर, पुन्हा पिस्टन. तिसऱ्या वेळी मी आमच्या साखळी गावच्या एका वयस्क मेकॅनिककडे गेलो, तर त्यांनी पान्याला हात न लावता आधी तीन प्रश्न विचारले : ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच उतरतो की वरच रेंगाळतो, गिअर ऑइल कमी होते का, आणि धूर निळसर असतो की पांढरा. आवाज रेंगाळत होता. मॅग्नेट (इंजिनाच्या टोकावरचे चुंबकी चाक) काढून पाहिले तर त्यामागचे ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी) सुपारीसारखे कडक झालेले होते. त्या सीलची किंमत माझ्या एका वेळच्या पेट्रोलहून कमी निघाली.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. ते आधी खालच्या क्रँककेसमध्ये येते आणि पिस्टन खाली उतरताना तिथून वर ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे, आणि क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन टोकांची सील ही त्या पंपाची झाकणे आहेत. मॅग्नेटच्या बाजूचे सील गळू लागले की तिथून बाहेरची हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, तापमान चढते आणि पिस्टन फुगून एक्झॉस्टच्या बाजूने घासू लागतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअर ऑइल पिऊ लागते : पांढरा दाट धूर, वारंवार ओला होणारा प्लग आणि गिअरपेटीतले घटत जाणारे तेल. दोन्हींपैकी कोणत्याही दोषावर बोअरिंग हा इलाज नाही. उलट नव्या, घट्ट बसलेल्या पिस्टनला फुगायला जागा कमी असल्याने तो जुन्यापेक्षा लवकर जाम होतो. कॉम्प्रेशन गेज फक्त रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या), ब्लॉक आणि हेड यांची स्थिती सांगतो, क्रँककेसची नाही, हे आपल्याकडे विसरले जाते.

क्रँककेस तपासण्याची युक्ती अगदी घरगुती आहे. एक्झॉस्टचे आणि कार्बोरेटरचे तोंड रबराचा तुकडा व पट्टी लावून बंद करावे, पिस्टन सर्वांत खाली आणावा, आणि प्लगच्या भोकातून रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राच्या फुग्याने हवा भरावी. काटा २५० मिलिमीटरवर आला म्हणजे साधारण ५ पीएसआय दाब झाला. मिनिटाभरात तो ५० मिलिमीटरहून अधिक घसरला, तर गळती आहे असे समजून सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे; बुडबुडे कुठे येतात ते दिसते. गिअर ऑइल भरायच्या भोकातून हवा आली, तर दोष क्लचच्या सीलचा. बर्फाळ देशांत स्नोमोबाइलची (बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची) टू-स्ट्रोक इंजिने बांधणारे कारागीर ही चाचणी इंजिन उघडण्याआधी आणि बांधून झाल्यावर अशी दोनदा घेतात. त्यांच्या बहुतेक नव्या ब्लॉकना आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो, तो साध्या बोअरिंगने उडून जातो, त्यामुळे चूक महागात पडते. आपला ओतीव लोखंडाचा ब्लॉक पुन्हा पुन्हा बोअर करता येतो, आणि माझ्या मते याच सोयीने आपल्याला निष्काळजी केले आहे.

इंजिन उघडल्यावर जुना पिस्टन भंगारात टाकण्याआधी तो उजेडात धरून पाहावा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला खोल ओरखडे असतील तर उष्णता किंवा अपुरे तेल. सगळीकडे बारीक, मंद, उभ्या रेघा असतील तर धूळ. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवर खनिजवाहू ट्रकांमागून वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांना ही तांबडी धूळ वेगळी सांगायला नको. फाटक्या एअर फिल्टरमधून ती आधी क्रँककेसमध्ये शिरते, म्हणून पिस्टनच्याही आधी बिग एंडचे, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे, बेअरिंग खाते. कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली हलवून पाहावा. त्या दिशेला जराही हालचाल असता कामा नये. बाजूला होणारी थोडी हालचाल मात्र मुळातच ठेवलेली असते, आणि तिच्याकडे बोट दाखवून चांगला क्रँक बदलायला लावणारेही भेटतात.

बोअरिंगच करावे लागले, तर लेथवाल्याकडे ब्लॉकबरोबर नवा पिस्टनही द्यावा आणि तो प्रत्यक्ष मोजूनच बोअर करायला सांगावे, डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. पोर्टच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या मिश्रण व धूर ये-जा करणाऱ्या खिडक्यांच्या, कडा हलक्या हाताने घासून बोथट केल्या नाहीत, तर रिंग तिथे अडकून तुटते. होनिंगनंतर (बोअरचा आतला पृष्ठभाग बारीक घासल्यावर) ब्लॉक गरम साबणाच्या पाण्याने, पांढरे फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत धुवावा. ५७ मिलिमीटरच्या ब्लॉकमध्ये रिंगच्या टोकांमधले अंतर फिलर गेजने (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजल्यावर ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावे. गजन पिनची (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनची) लॉक दर वेळी नवीच घालावीत.

आता तेल-पेट्रोलाविषयी. या गाड्यांना पेट्रोलच्या लिटरमागे २० मिलिलिटर टूटी (टू-स्ट्रोक) तेल पुरते. मायेपोटी दुप्पट ओतणारे हे ध्यानात घेत नाहीत की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) तेवढे पेट्रोल कमी जाते, आणि मिश्रण आणखी कोरडे होते. हल्ली पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलालाही पूर्वीपेक्षा कमी हवा पुरते, त्यामुळे जुन्या जेटवर इंजिन थोडे अधिक तापते. प्लगचा रंग पांढुरका दिसला तर मेन जेट एक क्रमांक मोठा घालून पाहावा. शिवाय इथेनॉल आपल्या पावसाळ्यातली दमट हवा शोषते, आणि पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होते. त्या थरात तेल जवळजवळ नसते, आणि इंजिनाला सर्वांत आधी मिळतो तो नेमका तोच थर. म्हणून जूनपासून टाकीत राहिलेले पेट्रोल चतुर्थीला काढून टाकलेलेच बरे. चोर्ला घाट उतरतानाही ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरवर सोडू नये, कारण इंजिन वेगाने फिरत असते आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. अधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा.

माझी विनंती राज्यातील आयटीआयच्या दुचाकी विभागांना आहे. तरुण मेकॅनिकांना टू-स्ट्रोक शिकवण्यात आता अर्थ नाही असे म्हटले जाते, पण पंधरा वर्षांपुढील दुचाकीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करून या गाड्या कायदेशीरपणे धावतच आहेत, आणि त्यांच्या दुरुस्तीची माहिती असलेली पिढी साठीच्या पुढे गेली आहे. दाबाची चाचणी आणि पिस्टन वाचण्याचा सराव यांसाठी एका आठवड्याचा वर्ग पुरेल. साखळीच्या त्या मेकॅनिकांनी शिकवायला येण्याची तयारी माझ्याजवळ बोलून दाखवली आहे; रक्तदाबाचे जुने यंत्र मी देईन.

आपला,
एक वाचक, साखळी