माशीखोलीसाठी आवाहन : इनक्युबेटर हवा, साहित्य हवे आणि माणसे हवीत

सर्व सभासद आणि हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

आपली माशीखोली म्हणजे फळमाश्या पाळून त्यांच्या पाठीवरच्या केसांची वाढ अभ्यासण्याची जागा. तिथला इनक्युबेटर, म्हणजे ठरावीक तापमान राखणारी पेटी, आता भरवशाचा राहिलेला नाही. दिवसा तो २५ अंश दाखवतो आणि रात्री दोन-तीन अंशांनी घसरतो. हे किरकोळ वाटेल, पण आपले सगळे काम या आकड्यावर उभे आहे. फळमाशीच्या कोषाचे वय आपण तासांत मोजतो आणि ते तास २५ अंशांचे धरलेले असतात. १८ अंशांना वाढ जवळपास निम्म्या वेगाने होते. त्यामुळे चिठ्ठीवर ‘४० तास’ लिहिलेला कोष उघडावा, तर आत केसाचा नुसता कोंब दिसतो. असे कोष फेकून द्यावे लागतात, आणि त्यांच्यासोबत आठवड्याची मेहनतही जाते.

ही खोली ज्यांच्यामुळे उभी राहिली त्यांचे ऋण आधी मांडतो. ज्यांनी पहिला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक दिला, त्यांनी नाव कुठेही लिहू नका असे बजावले होते, म्हणून लिहीत नाही. पण पांढरा, म्हणजे नुकताच बनलेला कोष ओळखायला इथे जे कोणी शिकले, ते त्यांच्याच भिंगाखाली. सिंज्ड आणि फोर्क्ड हे केस बिघडलेल्या माश्यांचे दोन वाण एका ज्येष्ठ सभासदाने स्वतःचे संशोधन थांबल्यावरही जिवंत ठेवले आणि आपल्या हवाली केले. आज कोणीही येऊन साधी, सिंज्ड आणि फोर्क्ड माशी शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो, ते त्यांच्या चिकाटीमुळे. फॅलॉइडिन या चकाकणाऱ्या रंगद्रव्याची कुपी दर वेळी न मागता पाठवणारे कुटुंब तर सगळ्यांना माहीत आहेच. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर रात्रीची वेळ मिळवून देणाऱ्या सभासदांमुळे कोषाच्या ३२ ते ४८ तासांची संपूर्ण चित्रमालिका आपल्याकडे तयार झाली. तिचा आम्हाला मनापासून अभिमान आहे.

त्या मालिकेत काय दिसते, हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवे. माशीच्या पाठीवरचा प्रत्येक राठ केस म्हणजे एकाच पेशीचा लांबलेला भाग. मोठा केस ४०० मायक्रॉनपर्यंत जातो, आणि ही वाढ कोषाच्या साधारण ३२ व्या तासाला सुरू होऊन ४८ व्या तासाच्या सुमारास संपते. पेशीला हा आकार देतात त्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जुड्या. केसाच्या पटलाला आतून चिकटून अशा ७ ते १८ जुड्या उभ्या असतात. एकेक जुडी सलग नसते. काही मायक्रॉन लांबीचे तुकडे बांबूच्या पेरांसारखे टोकाला टोक जोडून ती बनते. लुईस टिल्नी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की या जुड्या बांधायला दोन वेगळी प्रथिने लागतात. फोर्क्ड प्रथिन आधी तंतूंना एकत्र आणते, मग फॅसिन त्यांना घट्ट, षटकोनी रचनेत बसवते. सिंज्ड हे फॅसिनचेच जनुक. ते बिघडले की केस जळल्यासारखा वाकडातिकडा होतो. फोर्क्ड बिघडले की केस आखूड, वळलेला, कधी टोकाला दुभंगलेला निघतो.

वाढ संपली की या जुड्या मोडून जातात, पण त्यांचा ठसा कायम राहतो. जिथे जुडी होती तिथे केसावर खाच आणि दोन जुड्यांच्या मधे कंगोरा. प्रौढ माशीच्या केसावरचे कंगोरे मोजले की कधीच्या नाहीशा झालेल्या ॲक्टिनची मांडणी हाती लागते. फुलपाखराच्या पंखावरच्या खवल्याचेही तसेच : तिथेही समांतर जुड्यांच्या मधल्या जागेत कंगोरे उठतात. खवल्यांचे काम आपल्याला पुढच्या हंगामात सुरू करायचे आहे आणि त्यालाही स्थिर तापमान लागेल.

आता कामाची पद्धत, म्हणजे कशाकशाची गरज पडते ते कळेल. हालचाल थांबलेला, पुढची श्वसनछिद्रे बाहेर आलेला आणि कवच अजून पांढरे असलेला कोष ओल्या कुंचल्याने उचलायचा. तो शून्य तास. तासाभरात कवच तपकिरी होऊ लागते, म्हणून उशीर चालत नाही. ३६ ते ४५ तासांनी कोष दुहेरी चिकटपट्टीवर पाठ वर करून बसवायचा, ५ नंबरच्या चिमट्याने झाकण काढून कवच सोलायचे, पोटाच्या बाजूने कापून पाठीचा पापुद्रा मोकळा करायचा. पिपेटने हलके फवारे मारून मेद धुऊन काढायचा. ४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये २० मिनिटे, ०.३ टक्के ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याने १० मिनिटांच्या तीन धुण्या, मग अंधारात फॅलॉइडिन १:२०० प्रमाणात दोन तास.

बिघडते ते ठरावीक ठिकाणी. मेद राहिला तर सगळे चित्र धूसर होते, आणि फवारा जोराचा झाला तर पापुद्राच फाटतो. बाटलीतले जुने फॉर्मॅलिन वापरू नये, त्यात मिथेनॉल असते आणि मिथेनॉलने ॲक्टिनची फॅलॉइडिन धरण्याची घडण मोडते. म्हणूनच मिथेनॉलविरहित, बंद ॲम्प्यूलमधले फॉर्मल्डिहाइड मागतो आहोत. ४८ तासांनंतर क्युटिकल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, जमू लागते आणि रंग आत शिरत नाही. स्लाइडवर कव्हरस्लिप थेट टेकवली तर केस चिरडतात, दोन्ही कडांना चिकटपट्टीचा आधार द्यावा. सायटोनीमसारखे, पेशींमधून निघणारे अतिबारीक धागे तर फॉर्मल्डिहाइडमध्ये नीट टिकतच नाहीत, ते जिवंत ऊतीतच पाहावे लागतात. त्यासाठी तेज तेलभिंग हवे. आपल्याकडचे ओरखडलेले आहे.

माणसांची गरज सर्वांत मोठी आहे. माश्यांचे वाण गोठवून ठेवण्याची रीत रोजच्या वापरात रुळलेली नाही, ते जिवंतच सांभाळावे लागतात. २५ अंशांना दर दोन आठवड्यांनी, १८ अंशांना दर चार आठवड्यांनी नव्या नळीत बदली, आणि प्रत्येक वाणाच्या दोन प्रती. एक बदली चुकली की बुरशी, कोळीकिडे किंवा कोरडे पडलेले खाद्य वाण संपवते. सिंज्डच्या तीव्र प्रकारांत माद्या वांझ असतात, कारण फॅसिनशिवाय अंडाशयातल्या पोषक पेशींची केंद्रके जागेवर राहत नाहीत, मार्ग बुजतो आणि अंड्याला पेशीद्रव पोहोचत नाही. म्हणून हे वाण एफएम-७ या बॅलन्सरवर, म्हणजे बिघडलेले जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकवून ठेवणाऱ्या खास गुणसूत्रासोबत, ठेवले आहेत. बदली करताना मूत्रपिंडाच्या आकाराच्या डोळ्यांच्या माद्या नळीत आहेत ना, हे पाहिलेच पाहिजे. शिकायला एक दुपार पुरते.

मागच्या आवाहनाच्या वेळचे थोडे मनाला लागले आहे, ते लपवत नाही. प्रात्यक्षिकाला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बदलीच्या पाळीचा कागद फिरवला, तो जवळपास कोराच परत आला. तेच चार हात आजही नळ्या बदलत आहेत. यातला एक जण आजारी पडला तर फोर्क्डची दुसरी प्रत कोण बदलणार, याचे उत्तर कार्यकारिणीकडे नाही.

हवे आहे ते असे : २५ अंशांना अर्ध्या अंशाच्या आत स्थिर राहणारा इनक्युबेटर (वापरलेला चालेल, पण आठवडाभराची तापमान-नोंद सोबत द्यावी, दार बंद असताना आतला दिवा विझतो का, तेही पाहावे), ४८८ किंवा ५६८ रंगाचे फॅलॉइडिन, मिथेनॉलविरहित फॉर्मल्डिहाइड ॲम्प्यूल, ५ नंबरचे चिमटे, टोके न वाकलेले, ६०एक्स तेलभिंग, आणि माश्यांच्या खाद्यासाठी निपाजिन, प्रोपिऑनिक आम्ल, अगर. रोख देणगीची पावती लगेच मिळेल. वस्तू देणाऱ्यांनी आधी चिटणीसांशी बोलावे, रसायने परस्पर खोलीत ठेवू नयेत. फॅलॉइडिन उणे २० अंशांत, प्रकाशापासून झाकून आणावे. पाळीसाठी नावे या महिनाअखेरपर्यंत. एका पाळीला दोघे, पाळी दोन तासांची. नवख्यांनी पहिल्या पाळीला जुन्या सभासदासोबतच यावे.

आपला,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने