गुडघा राहायला हवा

ती. बाबा आणि आई यांस सा. न.

काल पट्टी सोडताना आईने फोन जवळ धरला, तेव्हा टाक्यांच्या बाहेरच्या टोकाशी नखाएवढा काळा डाग दिसला. बाबा, तुम्ही "काही नाही गं" म्हणालात, पण रात्रभर तोच डोळ्यांसमोर होता. गुडघा राहावा म्हणूनच पाय गुडघ्याच्या खाली कापला. जखम भरली नाही तर पुन्हा वर कापायची वेळ येते, आणि गुडघा गेला की कृत्रिम पायाने चालताना फार दम लागतो.

स्टेम सेलचं, म्हणजे ज्यांतून इतर पेशी तयार होतात त्या मूळ पेशींच्या उपचाराचं विचारलंत, म्हणून बरंच वाचून काढलं. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा, म्हणजे हाडाच्या आतला मऊ गर, काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पोटरीच्या स्नायूत टोचतात. त्यांचा नवा पाय होत नाही, बाबा. त्यांतून जे स्रवतं त्याने नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार व्हाव्यात आणि जखमेला रक्त मिळावं, एवढीच आशा. 2002 मध्ये जपानी डॉक्टरांनी रक्त कमी पोचणाऱ्या पायांवर हा प्रयोग केला आणि उमेद वाढली. पुढे नेदरलँड्समध्ये 160 रुग्णांवर चाचणी झाली, काहींना खऱ्या पेशी, काहींना नुसतं दिसायला तसंच, पण त्या पेशी नसलेलं द्रावण. 2015 मध्ये निकाल आला: पाय कापावा लागण्याचं प्रमाण कमी झालं नव्हतं. तिथे पेशी धमनीतून दिल्या होत्या आणि पाय वाचवायचा होता. आपला प्रश्न कापल्यानंतरच्या जखमेचा. त्यावरही चाचण्या झाल्या आहेत, म्हणून मी दार बंद करत नाही.

पण "हमखास गुण येतो, आधी पैसे भरा" म्हणणाऱ्या त्या माणसाला काहीही देऊ नका. चाचणी असेल तर तिची नोंदणी असते, नैतिकता समितीची मंजुरी असते, संमतीपत्र घरी नेऊन सावकाश वाचता येतं. तुमच्या सर्जननी अशी चाचणी सुचवली तर मी रजा काढून येते, कागद आपण तिघं मिळून वाचू.

आई, गुडघ्याखालची ती उशी आजच काढ. तू मायेने ठेवतेस, बाबांना बरंही वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडला तर कृत्रिम पाय नीट बसणार नाही. आणि बाबा, सिगरेट एकही नको. तिने रक्तवाहिन्या आकसतात, मग पेशी टोचून तरी काय करायचं?

त्या डागाचं ड्रेसिंगच्या दिवसापर्यंत थांबू नका, उद्याच दाखवा. त्वचेपर्यंत ऑक्सिजन किती पोचतो ते मोजता येतं का, हेही विचारा. मला फोनवर घ्या, मी ऐकत राहीन.

तुमची,
ताई