स्तनपान सप्ताहात भाषणे कमी, प्रात्यक्षिक जास्त हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1 ते 7 ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. गावोगावच्या अंगणवाड्यांत आणि आरोग्य केंद्रांत त्यानिमित्त रांगोळ्या, घोषवाक्ये, ओटी भरून मातांचा सत्कार असा कार्यक्रम होतो. आईचा मान होतो हे चांगलेच. पण आईचे दूध अमृत आहे हे तिला ठाऊकच असते. तिचे अडते ते बाळ नीट धरत नाही, तिथे. आणि ते शेजारी बसूनच दाखवावे लागते.

म्हणून निम्मा वेळ तरी आडोसा करून आठ-दहा मातांना एकत्र बसवावे. पाठ टेकायला भिंत किंवा खुर्ची, मांडीवर उशी, पंखा, प्यायला पाणी एवढे पुरते. फोटो काढणारे बाहेर थांबतील. बाळ मुठी चोखू लागले, तोंड वळवून शोधू लागले की लगेच घ्यावे. रडून बेजार झालेले बाळ छातीला लागत नाही.

परिचारिकेने चार खुणा पाहाव्यात: तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा. नुसते बोंड तोंडात असेल तर ते चिरते, कळ येते, दूध पुरते निघत नाही, स्तन दाटतात आणि बाळ अर्धपोटी राहते. घरात याचाच अर्थ 'दूध पुरत नाही' असा होतो. वरचे दूध सुरू झाले की चोखणे कमी होते आणि मग दूध खरोखरच आटते. नुसते बोंड धरलेले दिसले की बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून पकड सोडवावी, बोंड वरच्या ओठाला लावावे, मोठा आ झाला की बाळाला छातीकडे आणावे. आईने बाळावर वाकू नये, पाठ भरून येते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि वाढते वजन असेल तर दूध पुरते आहे.

आजींना आवर्जून बोलवा. चीक पिळून टाकायचा की पाजायचा, मध आणि घुट्टी द्यायची की नाही, हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात. त्यांना वगळून सुनेला शिकवले तर ते उंबऱ्याबाहेरच राहते. कामावर जाणाऱ्या मातांना हाताने दूध काढायला शिकवावे. ते झाकून साध्या तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये 24 तास ठेवता येते. उकळू नये, भांडे गरम पाण्यात धरून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे.

डबाबंद दूध किंवा बाटल्या बनवणाऱ्या कंपनीचा मंडप, बक्षीस, भेटवस्तू काहीही घेऊ नये. 1992 च्या कायद्याने आणि 2003 च्या दुरुस्तीने अशा प्रचाराला बंदी आहे, तरी आयोजकांना हे सांगणारे कोणी नसते.

बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, आणि अडचणी तर पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणून सातव्या महिन्यानंतरच्या गरोदर स्त्रियांना बोलवावे, प्रसूतीच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि यादी त्याच दिवशी आशाताईंकडे द्यावी. दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेकडे त्यांची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते. दूध दाटते ते साधारण त्याच सुमाराला. त्या भेटीत वजनाबरोबर एक पाजणे पूर्ण पाहावे, असे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी लेखी कळवावे, ही विनंती.

आपली,
एक परिचारिका, सातारा